सोलापुरात चिनी सण आणि जागतिक प्रश्नावरची चर्चा एकाच दिवशी: कसं बसवायचं?

पूर्वभाग_वाचक यांचा प्रश्न

आमचा वाचनगट अशोक चौकाच्या आसपासचा. 2026 मध्ये अर्ध्या दिवसाचा चिनी संस्कृतीचा कार्यक्रम आणि त्याला जोडून एखाद्या जागतिक प्रश्नावर चर्चा करायची आहे. जपानविरुद्धच्या युद्धात चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच, त्यामुळे निमित्त शोधायला लांब जायला नको. हॉल 70 माणसांचा, टेबलं 8, शेगडी आत एकच लावू देतात, दुसरी मागच्या पडवीत. हॉलभाडं सोडून बजेट 12 हजार. माणसं साठेक धरली आहेत, त्यात 20-25 शाळकरी मुलं. जैन घरं बरीच आहेत, म्हणून खाणं शाकाहारी.

सप्टेंबरातला त्यांचा चंद्रोत्सव घ्यावा की 10 ऑक्टोबरची कोटणीस जयंती? खायला काय करावं? मुलांच्या हाताला काय काम द्यावं? आणि चर्चेत सीमा निघाली की आवाज चढतात, ते कसं आवरायचं? मोघम सल्ला नको. मापं, वजनं, वेळ सांगा.

---

पंचांग_पेठ यांचं उत्तर

दोन्ही तारखा सोडा. 2026 चा चंद्रोत्सव 25 सप्टेंबरला, शुक्रवारी येतो आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आहे. विसर्जनाच्या दिवशी सोलापुरात हॉलमध्ये कोण येणार? आणि आलेच तर परत कसे जाणार? 10 ऑक्टोबर शनिवार आहे, पण त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घरोघरी बायकांना उसंत नसते, आणि ऐनवेळी "येतो हं" म्हणणारे निम्मे गळतात.

2025 मध्ये कोजागरी आणि चिनी चंद्रोत्सव दोन्ही 6 ऑक्टोबरलाच आले होते. यंदाही तसंच असेल असं धरून कुणी पत्रिका छापू नका. दोन्हीकडची पंचांगं चांद्र-सौर, दोन्हीकडे 19 वर्षांत 7 अधिक महिने, पण ते नेहमी एकाच वेळी पडत नाहीत. चीनने आपला अधिक महिना 2025 मध्ये उरकला. आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये आला. म्हणून यंदा कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेली.

माझ्या मते 20 डिसेंबरचा रविवार धरा. 22 डिसेंबरला चीनमध्ये 'दोंगझी', म्हणजे हिवाळी अयनदिनाचा सण. डॉ. कोटणीसांचा स्मृतिदिन 9 डिसेंबर, तोही जवळ. हवा थंड आणि कोरडी, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी जानेवारीत, परीक्षा नाहीत. या सणाला उत्तर चीनमध्ये जियाओझी (मैद्याच्या पारीत सारण भरून उकळलेले) खातात, दक्षिणेत थांगयुएन (चिकट तांदळाच्या पिठाचे सारण भरलेले गोड गोळे). कोटणीसांनी जिथे काम केलं तो हेबेई प्रांत उत्तरेचा, तेव्हा पदार्थही आपोआप ठरला. जियाओझीची दंतकथाही वैद्याचीच आहे: हान काळातल्या चांग चोंगचिंग या वैद्याने थंडीने कान फुटलेल्या गरिबांना कानाच्या आकाराच्या कणकेत औषधी सारण भरून खायला घातलं, असं सांगतात. इतिहास म्हणून सांगू नका, गोष्ट म्हणून सांगा. मुलांना आवडते.

लाल कंदील मात्र या सणाचे नव्हेत. ते त्यांच्या पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेचे, म्हणजे 20 फेब्रुवारी 2027 चे. डिसेंबरात हॉल कंदिलांनी भरलात तर जाणकार पाहुणा काही बोलणार नाही, पण आत जपानी, चिनी, दिवाळी सगळं एकच करून टाकलंय हे त्याला कळेल. हौस म्हणून लावायचेच असतील तर पांढरे लावू नका, तो शोकाचा रंग. हवेत सोडायचे पेटते कंदील तर अजिबातच नको. आपल्या भागात चादरींची गोदामं कुठे आहेत हे तुम्हाला सांगायला नको.

---

पीठमीठ यांचं उत्तर

खाण्याचं मी सांगते. आधी एक: मंच्युरियन आणि हाक्का नूडल्स ठेवू नका. मंच्युरियन आपल्याच देशातला पदार्थ आहे. चवीला झकास, पण 'चिनी संस्कृती' अशा पाटीखाली शोभत नाही.

60 माणसं, माणशी 6 जियाओझी, म्हणजे 360 नग. मैदा अडीच किलो, थंड पाणी सव्वा लिटरच्या आत-बाहेर, मीठ 25 ग्रॅम. पाणी एकदम ओतू नका. शेवटचं अर्धं भांडं हाताने अंदाज घेत घाला. कणीक पोळीपेक्षा घट्ट, पुरीच्या जवळपास हवी. 40 मिनिटं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. मग 10-10 ग्रॅमच्या गोळ्या, साधारण सुपारीएवढ्या. लाटी 8 सेंटीमीटरची, मध्ये जाड आणि कडेला पातळ. हे जमलं नाही तर उकळताना बूड फुटतं किंवा दुमडलेली कड कच्ची राहते. युक्ती अशी की लाटणं फक्त कडेपासून मध्यापर्यंत न्यायचं, पूर्ण आरपार न्यायचं नाही, आणि दर वेळी लाटी थोडी फिरवायची.

डिसेंबरात सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की उघडी लाटी तीन-चार मिनिटांत कडेने वाळते. वाळलेली कड कितीही दाबा, पाण्यात उघडतेच. म्हणून एका वेळी 10-12 च लाट्या लाटून लगेच भरायला द्यायच्या. पंखा बंद!

सारण: पत्ताकोबी 4 किलो बारीक चिरून 60 ग्रॅम मीठ चोळून 20 मिनिटं ठेवा, मग पंच्यात घालून पिळा. जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी निघतं. इथे आळस केला की पुढचं सगळं बिघडतं, कारण तेच पाणी नंतर आवरणात झिरपतं आणि ताटाला चिकटलेला नग उचलताना फाटतो. टोफू दीड किलो, वजनाखाली दाबून, कुस्करून, थोड्या तेलावर कोरडा परतून. पनीर नको, ते चव शोषत नाही आणि चावताना रबरासारखं लागतं. गाजर अर्धा किलो, पातीचा कांदा 300 ग्रॅम, आलं 80 ग्रॅम, सोया सॉस 120 मिली, पांढरी मिरी 2 चमचे, तेल 100 मिली. आपल्याकडचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला चिनी स्वयंपाकातल्या भाजक्या तिळाच्या तेलाचा वास नाही. त्याऐवजी 100 ग्रॅम पांढरे तीळ खमंग भाजून जाडसर कुटून घाला, काम होतं. वरून आणखी मीठ घालू नका. कोबीत आणि सॉसमध्ये आहे तेवढं पुरे. सारण हातात दाबून गोळा वळला पाहिजे, बोटांमधून रस गळता कामा नये.

जैन मंडळींसाठी 60 नग वेगळे: कांदा, गाजर, ओलं आलं काढा, कोबी, टोफू, बारीक फरसबी आणि चिमूटभर सुंठ. भांडं वेगळं, उकळायचं पाणी वेगळं, ताटावर चिठ्ठी. हे लोकांना सांगण्यासारखं आहे की चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकातही कांदा-लसूण वर्गातल्या पाच उग्र भाज्या वर्ज्य असतात, आणि त्या पाचांत काही याद्यांत हिंगही येतो. आलं मात्र त्यांना चालतं.

बंद करताना कडेला तेलाचं बोट लागू देऊ नका, तेल लागलं की कड चिकटत नाही. आत हवा राहिली तर नग पाण्यात फुगून फुटतो. आधी मधोमध चिमटा, मग दोन्ही बाजू, आणि शेवटी पाकळ्या. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बायका हे दोन मिनिटांत शिकतात. भरलेले नग मैदा भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लागता ठेवा आणि अर्ध्या तासात उकळा.

5 लिटर पाणी खळखळ उकळलं की 40 नग सोडा आणि लगेच झाऱ्याची पाठ बुडाला लावून एकदा फिरवा. उकळी आली की पेलाभर गार पाणी. पुन्हा उकळी, पुन्हा पेलाभर. सारण शाकाहारी असल्याने दोनदा पुरतं, मांसाच्या सारणाला तीनदा घालतात. गार पाण्यामुळे आतलं शिजेपर्यंत वरचं आवरण फाटत नाही. 7-8 मिनिटांत वर तरंगतात आणि फुगीर होतात.

बुडवायला सोया सॉस 3 भाग, व्हिनेगर 2 भाग. चिनी काळं व्हिनेगर मिळालं तर उत्तम. बाटलीतलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर घालायचंच झालं तर निम्मं पाणी आणि चिमूटभर गूळ घाला, नाहीतर घसा धरतो. शेंगाचटणी लोक मागणारच. ठेवा बाजूला वाटीत, छानच लागते, फक्त तिला चिनी म्हणू नका.

थांगयुएन हौसेने करायचे असतील तर पीठ चिकट तांदळाचंच लागतं. मोदकाच्या पिठीचे गोळे पाण्यात तडकतात, कारण साध्या तांदळातला अमायलोज नावाचा स्टार्च चिकट तांदळात जवळपास नसतोच. ऑनलाइन 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' म्हणून मिळतं. 1 किलो पिठात 120 नग. काळे तीळ 300 ग्रॅम भाजून-कुटून, पिठीसाखर 250, तूप 200. गोळ्या करून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवल्या की भरणं सोपं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना अख्खा देऊ नका, चिवट असतो, घशात अडकतो. चमच्याने चार तुकडे करून द्या. पहिल्याच वर्षी हे दोन्ही अंगावर घेऊ नका असं मला वाटतं.

चहा: मोगऱ्याच्या जातीच्या फुलांत मुरवलेली जास्मिन टी उत्तर चीनमध्ये घराघरात असते, तीच घ्या. 200 मिलीला 3 ग्रॅम, 85-90 अंशांचं पाणी, अडीच मिनिटं. तीच पत्ती दुसऱ्यांदाही चालते, म्हणून 60 जणांना 80 ग्रॅम पुरे. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि वास मरतो, फिल्टरचं पाणी वापरा. दूधसाखरेचा चहा दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर तक्रारी.

---

दौत_टाक यांचं उत्तर

मुलांसाठी दोंगझीचंच एक सुरेख काम आहे. चीनमध्ये अयनदिनापासून 81 दिवस मोजायची रीत आहे, नऊ-नऊ दिवसांचे नऊ तुकडे. त्यासाठी आलूबुखाऱ्याच्या जातीच्या झाडाची फांदी काढतात, तिच्यावर नऊ फुलं, प्रत्येकाला नऊ पाकळ्या. रोज एक पाकळी रंगवायची. सगळ्या रंगल्या की थंडी सरली. 22 डिसेंबर 2026 हा पहिला दिवस धरला तर 81 वी पाकळी 12 मार्च 2027 ला येते, मधे 47 व्या पाकळीला, 6 फेब्रुवारीला, चिनी नववर्ष.

याचा एक प्रकार निव्वळ शोभेचा नाही, तर हवामानाची नोंद ठेवणारा आहे. पाकळीऐवजी वर्तुळ काढतात आणि ढगाळ असेल तर वरचा भाग, ऊन असेल तर खालचा, वारा असेल तर डावा, पाऊस असेल तर उजवा आणि बर्फ पडला तर मधला भाग भरतात. सोलापुरात बर्फाची जागा रिकामी राहील. तिथे धुकं धरा. प्रत्येक मुलाला ए4 कागदावर 81 वर्तुळं छापून द्या, 9 ओळी, 9 स्तंभ. वर्तुळ 15 मिमीपेक्षा लहान नको, नाहीतर पाच भाग रंगवता येत नाहीत. कार्यक्रमात फक्त नमुना एक वर्तुळ भरून घ्यायचं आणि कागद घरी न्यायचा. बाजूला त्या दिवशीचं किमान तापमान लिहायला सांगा. मार्चमध्ये 25 मुलांच्या नोंदी एकत्र केल्या की हवामानबदलावरच्या पुढच्या चर्चेला घरचाच कागद तयार.

मोठ्यांसाठी सुलेखन. 20 ब्रश, 25-25 मिनिटांच्या तीन तुकड्या. नवा ब्रश खळ लावून कडक केलेला असतो. कोमट पाण्यात 10 मिनिटं पूर्ण भिजवून बोटांनी मोकळा करा. गरम पाणी नको, दांड्यातला डिंक सुटतो आणि केसांचा पुंजका बाहेर येतो. स्टेशनरीतली 'इंडिया इंक' घेऊ नका, तीत बहुधा लाख असते, एकदा वाळली की ब्रश संपला. सुलेखनाची म्हणून बाटलीतली शाई मिळते ती घ्या. कागद: ड्रॉइंग पेपरवर शाई शोषली न जाता तळं साचतं, आपल्या हातकागदालाही बहुतेक वेळा खळ असते. आनह्वेई प्रांतातल्या शुआन कागदाच्या जवळ जाणारा स्वस्त पर्याय म्हणजे न छापलेला न्यूजप्रिंट. त्याच्यावर 10 सेंटीमीटरचे चौकोन आखून उभ्या, आडव्या आणि तिरप्या मधल्या रेघा मारा.

सुरुवात माणूस (2 फटकारे), डोंगर (3) आणि पाणी (4) या अक्षरांनी. ब्रश उभा धरायचा, मनगट टेबलाला टेकवायचं नाही. लोक पेन्सिलीसारखा तिरपा धरतात, मग फटकाऱ्याची एकच बाजू भरते आणि दुसरी खरखरीत राहते. पुन्हा गिरवायचं नाही. बिघडलं तर नवं काढायचं. गिरवलेलं अक्षर न्यूजप्रिंटवर फाटतं.

मुलांच्या हातात शाई द्यायची भीती वाटत असेल तर पाण्याने लिहायचं कापड मिळतं. साध्या पाण्याने लिहिलं की काळं दिसतं, वाळलं की कोरं. आपल्या हवेत दोन-तीन मिनिटांत वाळतं, त्यामुळे एका कापडावर तीन मुलं आळीपाळीने बसतात. लिहिलेलं घरी नेता येत नाही एवढाच तोटा.

माणसाचं नाव लाल शाईने लिहून देऊ नका, अशुभ मानतात. लाल कागदावर काळ्या किंवा सोनेरी शाईने चालतं.

---

मागवाला यांचं उत्तर

चर्चेचं बोलू. 'भारत-चीन संबंध' असा विषय ठेवलात तर ती चर्चा राहणार नाही, टीव्हीवरचा कलकलाट होईल. विषय असा घ्या की ज्यात हॉलमधल्या माणसाला स्वतःला काही माहीत आहे. सोलापुरात असे दोन आहेत, सूत आणि पाणी. एकच निवडा.

सूत घेतलंत तर: चीनच्या कापसाचा फार मोठा हिस्सा, पाचात चारांहून जास्त, शिनजियांगमध्ये पिकतो. तिथल्या वीगर लोकांकडून सक्तीने काम करवून घेतलं जातं या कारणावरून अमेरिकेने कायदा केला, तो 21 जून 2022 पासून लागू आहे. त्या प्रदेशाचा संबंध असलेला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं आधी धरलं जातं आणि तसं नाही हे आयातदाराला सिद्ध करावं लागतं. चीन हे आरोप फेटाळतो. दोन्ही गोष्टी फलकावर लिहा. याचा आपल्याशी संबंध कुठे? टॉवेल निर्यात करणाऱ्याकडे परदेशी ग्राहक कापूस कुठला, गाठी कुठल्या, सूतगिरणी कोणती याचे कागद मागतो. ज्याच्याकडे नोंदी नीट आहेत त्याला हा कायदा फायद्याचा, ज्याच्याकडे नाहीत त्याला अडचणीचा. मग मागाचा प्रश्न येतो. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-दीडशे धागे टाकतो, रेपियर (धोट्याविना चालणारा) माग त्याच्या तिप्पट, आणि परवडणाऱ्या रेपियर मागांत चिनी बनावटीचे बरेच. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा त्याचंच यंत्र. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तरी बाहेरची नक्कल त्याच नावाने विकली जाते, ही तक्रार कुणीतरी करेलच. ती करू द्या, पण नक्कल चीनहून येते की देशातूनच, हे त्याला विचारा. आयातशुल्काचे आकडे सारखे बदलतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के लावलं होतं. कार्यक्रमाच्या आठवड्यात ताजा आकडा बघूनच फलक करा.

पाणी घेतलंत तर त्याहून चांगलं, असं मला वाटतं. चीनचा दक्षिणेकडून उत्तरेकडे पाणी नेणारा प्रकल्प, त्याचा मधला मार्ग दान्च्यांगकौ धरणापासून बीजिंग-त्यान्जिनपर्यंत, 1,432 किलोमीटर, डिसेंबर 2014 पासून चालू. तो हेबेईतल्या शिजियाझुआंगवरून जातो. धरणाची उंची वाढवली तेव्हा तीन लाखांवर माणसं हलवावी लागली. आपल्याकडे उजनी, शहरापर्यंतची जलवाहिनी, उन्हाळ्यात 'उजनी मायनस' (धरण मृतसाठ्याच्याही खाली) आणि शेजारीच उसाचे फड. शहराला लांबून पाणी आणायचं की पीक बदलायचं, हा वाद दोन्हीकडे सारखाच आहे. आणि इथे सोलापूरकर माणूस ऐकीव बोलत नाही, त्याच्या नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

ब्रह्मपुत्रेचा विषय निघेल. जुलै 2025 मध्ये तिबेटात यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्याच वरच्या प्रवाहावर, मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू झालं, आणि भारत-चीन यांच्यात पाणीवाटपाचा करार नाही. एवढी दोन वाक्यं सूत्रधाराने स्वतःच आधी सांगून टाकावीत. नाहीतर कुणीतरी "ते पाणी बंद करणार" असं ठोकून देतो आणि पुढची वीस मिनिटं त्यातच जातात.

पद्धत: मधे पाच खुर्च्या, बाकीचे भोवती. चार भरलेल्या, पाचवी रिकामी. बोलायचं असेल त्याने येऊन पाचवीवर बसायचं, तो बसला की चारांपैकी एकाने उठायचं. बसल्या जागेवरून बोलायला परवानगी नाही. एका वेळी दीड मिनिट, घंटा शाळकरी मुलाच्या हातात द्या; मुलाने घंटा वाजवली की मोठी माणसं निमूट थांबतात. 8 मिनिटं फलकावरची माहिती, 35 मिनिटं रिंगण, 10 मिनिटं चिठ्ठ्यांवरचे प्रश्न. तासाच्या पुढे नेऊ नका. एकच नियम फळ्यावर: बोलताना सरकार, कंपनी की लोक, कुणाबद्दल बोलतोय ते सांगायचं. नुसतं 'चीन' म्हणायचं नाही. गलवान निघालं तर दाबू नका, वक्त्याला त्याचं दीड मिनिट द्या, आणि मग सूत्रधाराने पुढची चिठ्ठी काढावी. दाबलं की तोच विषय चहाच्या टेबलाशी दुप्पट आवाजात निघतो.

चर्चा आधी आणि जेवण नंतर. उलटं केलंत तर जेवून निम्मे निघून जातात.

---

लाल_फीत यांचं उत्तर

सगळ्यात महत्त्वाचं कुणी बोललं नाही: नकाशा. चिनी किंवा इतर परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेल्या नकाशात अक्साई चीन, अरुणाचल चीनमध्ये किंवा तुटक रेषेत दाखवलेले असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड. मुलांनी केलेला तक्तासुद्धा आधी तपासा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरचा नकाशा घ्या.

चिनी पाहुणा बोलवणार असाल तर व्हिसा कोणत्या कामाचा आहे ते आधी विचारा. पर्यटनासाठी आलेल्याला मंचावर कार्यक्रम करायला लावू नका. तो कुणाच्या घरी किंवा लॉजवर उतरला तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन द्यावी लागते, ही जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. पोलीस ठाण्याला पंधरा दिवस आधी साधं पत्र द्या: विषय, वेळ, माणसं, वक्ते. पोच घ्या.

कोटणीसांच्या फलकावर नेहमी चुका होतात. त्यांच्यावरच्या सिनेमातून तारखा घेऊ नका. जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. पाच डॉक्टरांचं पथक: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी, 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून निघालं. चिनी सेनानी चू द यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती आणि पथक काँग्रेसने पाठवलं, तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू. 'चीन सरकारच्या कम्युनिस्ट राजवटीने बोलावलं' असं लिहू नका. ती राजवट 1949 ची, हे जपानविरुद्धच्या युद्धातलं काम. पुढे हेबेईतल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले, तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न झालं, आणि 9 डिसेंबर 1942 ला, 32 व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. लढाईत मारले गेले नाहीत. भैय्या चौकातल्या स्मारकात मुलांना आधीच्या रविवारी नेऊन आणा, म्हणजे फलक त्यांनाच लिहिता येईल.

---

पूर्वभाग_वाचक

20 डिसेंबर आणि पाणी, ठरलं. पीठमीठ ताई, 360 नग एका शेगडीवर 40-40 ने म्हणजे 9 घाणे, दीड तास. पडवीतली धरून पाऊण तास. तोवर पहिले गार. काय करावं?

---

पीठमीठ

निम्मे उकडा, निम्मे वाफवा. वाफवायच्या निम्म्या मैद्याला मात्र वेगळी कणीक: सव्वा किलोला अर्धं पाणी उकळतं घालून चमच्याने ढवळा, पाच मिनिटांनी उरलेलं गार घालून मळा. थंड पाण्याची कणीक वाफवली की आवरण कातड्यासारखं होतं. पडवीतल्या शेगडीवर मोदकपात्राचे तीन मजले, प्रत्येक मजल्यावर कोबीची पानं पसरून 20 नग. 9-10 मिनिटांत 60 निघतात, म्हणजे तीन घाण्यांत 180. आत 40-40 चे साडेचार घाणे, तेवढ्याच वेळेच्या आसपास. जैन नग वाफवायच्यात घ्या आणि सगळ्यात आधी, कोऱ्या पात्रात काढा.

वाढताना 8 टेबलांना एकदम देऊ नका. एक घाणा दोन टेबलांना, माणशी दोन-तीन, मग पुढची दोन टेबलं, आणि फेरी पुन्हा. उकडलेले एकावर एक रचू नका, चिकटून एक लगदा होतो. परातीला तेलाचा हात फिरवून एकाच थरात ठेवा. आणि उकडलेलं पाणी फेकू नका. जियाओझी खाऊन झाल्यावर ते पाणी पेलाभर प्यायची तिकडे पद्धत आहे, मुलांना मीठ-मिरी घालून द्या. चार घाण्यांनंतर पाणी फार दाट झालं की बुडाला लागतं, तेव्हा निम्मं बदला. त्यासाठी मोदकपात्र चढवण्याआधीच पडवीतल्या शेगडीवर दुसरं पातेलं पाणी तापवून झाकून ठेवा.